भराव, मोरी आणि दूध संस्थेचं रजिस्टर: दूधगंगाकाठच्या एका पुलाचं प्रकरण

हे प्रकरण निपाणी-चिकोडी भागातलं, दूधगंगेवरच्या एका पुलाचं आहे. गावांची आणि माणसांची नावं काढून टाकली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. एका काठावरच्या गावाला 'अलीकडचं' आणि दुसऱ्या काठावरच्या गावाला 'पलीकडचं' म्हणते.

माझी बाजू आधीच सांगून टाकते. अलीकडचं गाव माझं माहेर, आणि भावाची शेती तिथल्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या सखल गाळाच्या जमिनीत आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली आहे, नकाशे आणि अंदाजपत्रकांची कामं करते. त्यामुळे या प्रकरणात मी एका पक्षाचीच होते. वाचताना हे लक्षात असू द्या.

पार्श्वभूमी

दूधगंगा राधानगरीच्या डोंगरात उगम पावते, काळम्मावाडीच्या धरणात अडते आणि पुढे निपाणी-चिकोडी भागातून वाहत कल्लोळजवळ कृष्णेला मिळते. वाटेत पाटगावकडून आलेली वेदगंगा तिच्यात येते. धरणं महाराष्ट्रात, बुडणारी मळी कर्नाटकात. धरणाचे दरवाजे किती उचलले हे आमच्या गावाला अजूनही कोल्हापूरच्या बातम्यांतून आणि राधानगरी-कागलकडच्या पाहुण्यांच्या फोनवरून कळतं. फोन आला की माणसं रात्रीच नदीवर जाऊन मोटरी आणि पाईप काढून आणतात.

दोन्ही गावांमध्ये कोल्हापूर पद्धतीचा जुना बंधारा होता, त्याच्याच डोक्यावरून वाहतूक चालायची. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला की बंधारा पाण्याखाली जायचा. पलीकडच्या गावची हायस्कूलची मुलं, दुधाच्या गाड्या, बाळंतपणाच्या बायका, सगळ्यांना लांबचा वळसा पडायचा. उंच पुलाची मागणी दोन पिढ्यांची होती.

२०१९ साल कोणी विसरणार नाही. त्या मे महिन्यात कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं, कोयनेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटक महाराष्ट्राकडे मागणी करत होतं. दोन-अडीच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याच खोऱ्यात महापूर आला. पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथे ४३ फूट आहे. आमच्याकडे यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्यात गेला. पूर ओसरल्यावर पुनर्बांधणीचा निधी आला आणि आमच्या पुलाला मंजुरी मिळाली. पलीकडच्या गावात पेढे वाटले. आमच्याही गावात वाटले.

अडचण कुठे होती

नदीच्या मूळ पात्रावर पूल उंच आणि चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. प्रश्न होता पुलाला येऊन मिळणाऱ्या रस्त्याचा. अलीकडच्या बाजूला पात्र आणि गावठाण यांच्यामध्ये मळीची सखल जमीन आहे. पूल उंच केला की रस्ताही तेवढाच उंच घ्यावा लागतो, म्हणून सबंध मळीवर आडवा मातीचा भराव धरला होता. मळीच्या मधून एक ओढा जातो, पावसाळा सोडला तर कोरडाच. त्याच्यासाठी नकाशात पाईपची एक मोरी, म्हणजे भरावाखालून पाणी जायची वाट होती.

ह्या ओढ्याला म्हातारी माणसं 'जुनी नदी' म्हणतात. पूर आला की दूधगंगेचं बरंचसं पाणी पात्र सोडून ह्या वाटेनं जातं आणि खाली पुन्हा नदीला मिळतं. गावाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, नकाशात मात्र कुठेच नव्हतं. आखणी झाली तेव्हा उन्हाळा होता आणि ओढ्यात शेरडं चरत होती.

जाहीर नोटीस पंचायतीच्या फळ्यावर कन्नडमध्ये लागली होती. आमच्या गावात कन्नड वाचणारी पोरं भरपूर आहेत, पण ती सकाळी कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात आणि रात्री येतात. फळ्यासमोर बसणाऱ्यांना कन्नड वाचता येत नाही. ग्रामसभेत 'पुलाला संमती आहे का' एवढंच विचारलं गेलं. सगळ्यांनी हात वर केले. भराव हा शब्द त्या सभेत उच्चारलाच गेला नाही.

२०२१ च्या पावसाळ्याआधी पायाचं काम सुरू झालं आणि भरावाचा बराच भाग उभा राहिला. जुलैच्या चौथ्या आठवड्यात आभाळ फाटलं. महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, आमच्या नदीच्या डोंगरातही तीच गत होती. पंचगंगा ५६ फुटांच्या पुढे गेली, म्हणजे २०१९ च्याही वर. त्या पुरात आमच्या मळीतलं पाणी हटेना. नदी उतरली, पलीकडचे रस्ते उघडे पडले, तरी भरावाच्या वरच्या अंगाला तळं साचून राहिलं.

उसाचं गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऊस पाण्यात उभा राहू शकतो. शेंडा वर असेल तर तो काही दिवस तग धरतो. पण शेंड्याच्या पानांच्या सुरळीमध्ये पाणी आणि गाळ गेला की कोंब कुजतो, मग कांड्यांच्या डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे फुटतात, आणि वजन व साखरेचा उतारा दोन्ही जातात. म्हणून पाणी किती उंच आलं याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ते किती दिवस राहिलं याला महत्त्व आहे. सरकारी कागदावर मात्र पूर म्हणजे एकच आकडा, महत्तम पूरपातळी. दिवसांचा रकाना कुठेच नसतो.

पुरावा कसा सापडला

गाव चिडलं होतं, भराव फोडायची भाषा सुरू झाली होती. भावानं मला बोलावलं. मी पहिल्यांदा विचारलं, "पाणी जास्त दिवस राहिलं हे दाखवणार कशावरून?" सगळे गप्प झाले. मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि आता २०२१ अशा पुराच्या खुणा रंगवलेल्या होत्या. पण खूण उंची सांगते, दिवस सांगत नाही.

वाट दाखवली दूध संस्थेच्या सेक्रेटरींनी. मळीत काही वस्त्या आहेत, त्यांचं दूध सकाळ-संध्याकाळ संस्थेत येतं. पाणी असलं की येत नाही. ते म्हणाले, "अक्का, माझ्या रजिस्टरात बघा की. ज्या दिशी दूध नाही, त्या दिशी वाट बंद." आम्ही २००५ पासूनची रजिस्टरं काढली, काहींना वाळवी लागली होती. वस्तीवरच्या खातेदारांच्या नावापुढचे कोरे रकाने मोजले. २०१९ ला पाऊस दहा-बारा दिवस लागून राहिला होता. २०२१ चा मारा दोन-तीन दिवसांतला होता. तरी २०२१ चे कोरे रकाने जास्त होते. कमी दिवसांच्या पावसाला जास्त दिवसांचं पाणी. या दोन वर्षांच्या मधे मळीत नवीन उभी राहिलेली गोष्ट एकच होती, भराव.

त्यानंतर दोन पोरांना घेऊन मी ऑटो लेव्हलनं, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीनं, भरावाच्या दोन्ही अंगांच्या खुणांच्या पातळ्या घेतल्या. वरच्या अंगाच्या पुराच्या खुणा खालच्या अंगापेक्षा उंच होत्या. ह्यालाच फुगवटा म्हणतात. अरुंद वाटेतून तेवढंच पाणी जायचं तर त्याला वेग लागतो, आणि वेग दुप्पट व्हायला वरच्या बाजूला पाण्याची चौपट चढ लागते. ती चढ आमच्या उसात उभी होती.

इथे थोडं विषयांतर. आमच्या भागात पुराचा विषय निघाला की बोट कृष्णेवरच्या, खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणाकडे जातं. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं मुख्य कारण अतिवृष्टी आणि नदीच्या वाटेतले अडथळे हेच मानलं होतं, अलमट्टी नव्हे. यावर वाद चालू आहे, चालू राहील. पण अलमट्टीवर दोन राज्यं आणि न्यायालयं बोलतात, तिथे आमचं कोण ऐकणार? भराव आमच्या दारात होता आणि अजून पुरा झालेला नव्हता.

कोणते पर्याय होते

पहिला, काम थांबवायचं आणि मळीवरचा सगळा रस्ता खांबांवर घ्या म्हणायचं. पाण्याच्या दृष्टीनं हाच उत्तम. पण खर्च कितीतरी पट, नव्यानं मंजुरी, आणि तोवर अर्धवट भराव तसाच उभा. पलीकडच्या गावाला हा पर्याय म्हणजे पूल गेल्यासारखाच होता.

दुसरा, भराव राहू द्यायचा आणि दर वेळी भरपाई घ्यायची. त्या वेळच्या आपत्ती निधीच्या निकषात बागायत पिकाला हेक्टरी १३,५०० रुपये होते, तेही दोन हेक्टरांपर्यंत. हेक्टरी शंभर टन ऊस धरला आणि त्या हंगामातला टनाला २,९०० रुपये हा मूळ उताऱ्याचा दर धरला, तर पीक होतं २ लाख ९० हजारांचं. हा पर्याय कोणी फार वेळ चर्चेत ठेवला नाही.

तिसरा, भरावात मोठ्या चौकोनी मोऱ्या घालायच्या. एक ओढ्यावर, बाकीच्या मळीत.

चौथा मी सुचवला होता. रस्त्याचा काही भाग मुद्दाम सखल आणि फरसबंद ठेवायचा, म्हणजे फार मोठा पूर आला तर पाणी रस्त्यावरून निघून जाईल. ते दिवस रस्ता बंद राहील, पण शेत लवकर मोकळं होईल. अलीकडच्या गावाला हे पटलं. मलाही आजवर हाच सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो, निदान वाटत होता.

दोन गावांची बैठक

निर्णयाची खरी जागा ही होती. पलीकडच्या गावात बातमी अशी गेली होती की अलीकडची माणसं पूल अडवतायत. दोन्ही गावांत सोयरीक आहे, काही घरांतलं बोलणं बंद झालं. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्यांनी पलीकडच्या देवळात बैठक लावली.

मी नकाशा पसरून सखल रस्त्याचा पर्याय समजावून सांगितला. तेव्हा मागून एक मावशी उठल्या. २०१९ ला त्यांच्या सुनेला पुरात होडीतून न्यावं लागलं होतं. त्या म्हणाल्या, "बाई, तू म्हणतीस चार दिस रस्ता बंद राहिला तर काय झालं. ते चार दिस आम्हालाच का? बाकी बारा महिने आमचं जातंय कसंबसं, त्या चार दिसासाठीच तर पूल मागितलाय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उसाच्या दिवसांचा हिशेब मांडला होता, बाळंतपणाच्या दिवसाचा मांडला नव्हता. सखल रस्त्याचा पर्याय त्याच बैठकीत मागे घेतला. त्या बदल्यात पलीकडच्या गावानं मोऱ्यांच्या मागणीवर सह्या दिल्या. दोन गावांचा एकच अर्ज हीच पुढे आमची ताकद ठरली. एका गावाचा अर्ज तक्रार म्हणून फाईलला लागतो. दोन्ही काठांचा अर्ज आला की साहेबांना जागेवर यावं लागतं.

प्रत्यक्षात काय केलं

अर्ज कन्नडमध्ये लिहिला, मागच्या बाजूला मराठीत, म्हणजे सही करणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावा. रजिस्टरांच्या प्रती, पातळ्यांचा तक्ता आणि देवळाच्या खुणांचे फोटो जोडले. बांधकाम खात्याचे अभियंते जागेवर आले. सुरुवातीला ते म्हणाले की डिझाइन मंजूर आहे, तुमच्या मोजणीवर ते बदलता येत नाही. ते खरंच होतं, मी कोणी नेमलेली तज्ज्ञ नव्हते. पण दूध संस्थेचं रजिस्टर त्यांनी बराच वेळ चाळलं. वादाच्या आधीपासून, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला कागद असल्यानं त्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. त्यांनी वर लिहिलं.

पूल ५० किंवा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुरासाठी बांधतात, असं आपण ऐकतो. त्याचा अर्थ गावात नीट पोचलेला नाही. ५० वर्षांतला पूर म्हणजे दर वर्षी दोन टक्के शक्यता. तीस वर्षं धरली तर असा एखादा पूर येण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपास जाते. आणि हा हिशेब जुन्या पावसाच्या नोंदींवरचा. २००५, २०१९, २०२१ अशी सोळा वर्षांत तीनदा मारुतीच्या भिंतीवर खूण चढली. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि तोच पाऊस कमी तासांत ओतते. मग जुन्या नोंदींवर मापलेली मोरी पहिल्या दिवसापासूनच लहान असते. हे मी अभियंत्यांना सांगितलं. ते म्हणाले, मान्य आहे, पण मला मापाचं पुस्तक तेच दिलंय.

आम्ही चार मोऱ्या मागितल्या होत्या. वाढीव कामात दोन मंजूर झाल्या, एक ओढ्यावर रुंद आणि एक मळीच्या मध्यावर. तिसरीसाठी भांडायचं की मिळतायत त्या दोन घ्यायच्या? त्यावर गावात दोन तट पडले. मी 'घ्या' म्हणाले, कारण ठेकेदाराची यंत्रं जागेवर होती. एकदा ती उठली की भराव फोडून मोरी घालायला कोणी परत येत नाही.

जुन्या बंधाऱ्याचाही प्रश्न होता. त्याच्या खांबांत जलपर्णी आणि उसाचा पाला अडकतो, म्हणून तो पाडा असं काहींचं म्हणणं होतं. पण २०१९ चा मे सगळ्यांच्या ध्यानात होता. उन्हाळ्यात तेवढंच पाणी धरून ठेवणारा तो एक आधार. बंधारा ठेवला. मग खरी गोष्ट राहिली बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमध्ये घातलेल्या फळ्या, वेळेवर काढण्याची. पूर्वी मृग बरसला की बरगे निघायचे. आता मृग कोरडा जातो, पाणी सोडून द्यायला कोणी तयार होत नाही, आणि मग एका रात्रीत नदी चढली की बरग्यांना हात लावता येत नाही. २०२३ ला जून असाच कोरडा गेला. त्या वर्षी पुढेही पाऊस नव्हता आणि कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले, म्हणून निभावलं. दोन्ही गावांच्या समितीनं आता ठरवलंय की पाऊस पडलेला असो-नसो, जूनमध्ये निम्मे बरगे काढायचे. त्यात थोडं पाणी वाया जातं, नदीतून मोटरीनं पाणी उपसणाऱ्यांची कुरबुर असते. अजून तरी पाळलं जातंय.

निकाल

पूल सुरू झाला. जुलै २०२४ मध्ये दूधगंगा-वेदगंगा पात्राबाहेर आल्या, भागातले सखल पूल बुडाले, पण आमचा रस्ता चालू राहिला. पलीकडच्या गावातून रुग्णवाहिका पुरातसुद्धा गेली. हे मी स्वतः पाहिलं आणि त्या मावशींची आठवण झाली.

मळीतलं पाणीही लवकर ओसरलं. रजिस्टरात कोरे रकाने २०२१ पेक्षा बरेच कमी आहेत. पण यावरून मोऱ्या पुरेशा आहेत असं मी म्हणणार नाही, कारण २०२४ चा पूर २०१९ किंवा २०२१ इतका नव्हता. खरी परीक्षा अजून व्हायची आहे.

एक नुकसान मात्र झालं, आणि ते आमच्यामुळे झालं. ओढ्यावरच्या रुंद मोरीतून पाणी जोरात बाहेर पडलं आणि खालच्या अंगाच्या एका शेताची वरची माती घेऊन गेलं. ते शेत पलीकडच्या गावच्या एका लहान शेतकऱ्याचं, नदीच्या ह्या काठाला. मोरीच्या तोंडापुढचं दगडी पिचिंग, म्हणजे माती वाहू नये म्हणून केलेली दगडांची फरसबंदी, अंदाजपत्रकात होतं, पण तोकडं.

आज पुन्हा करायचं झालं तर

ग्रामसभेत 'पूल हवा का' असं विचारू नये. नकाशातला रस्ता जमिनीवर चुन्यानं आखून, भरावाच्या उंचीचे बांबू रोवून दाखवावेत. मळीत उभे केलेले चार बांबू बघितल्यावर आमच्या गावात कोणीही सांगितलं असतं की इथे पाणी अडेल. तेवढ्या दिवसभराच्या कामानं पुढचं वर्ष वाचलं असतं.

आखणीसाठी माणसं पावसाळ्यातही एकदा यावीत. आणि कोणत्याही पूरभागातल्या कामाच्या कागदांत पाणी किती दिवस राहतं याची नोंद मागितली जावी. ती खात्याकडे नसेल, पण दूध संस्थेत, शाळेच्या हजेरीपटात, रेशन दुकानाच्या वहीत असते.

तिसऱ्या मोरीसाठी भांडायला हवं होतं का? भाऊ अजून म्हणतो, हवं होतं. मला तेव्हाचा निर्णय बरोबर वाटतो, पण पुढचा २०१९ सारखा पूर येईपर्यंत मी त्याच्याशी वाद घालत नाही.

माझी मोठी चूक वेगळी आहे. मी भरावाच्या वरच्या अंगाची पातळी घेतली, तिथल्या प्रत्येक खातेदाराला भेटले. खालच्या अंगाला फक्त पुराच्या खुणांसाठी गेले. तिथला शेतकरी कागलला शिफ्टवर असायचा, एकाही बैठकीला नव्हता, आणि तो नाही हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. पूर ओसरल्यावर मी त्याच्याकडे गेले, झालं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तुमचं पाणी गेलं की माझ्या रानातनं." वाढीव पिचिंगचा अर्ज दोन्ही गावांच्या सह्यांनी दिला आहे, अजून मंजुरी नाही. तोवर दोन्हीकडच्या पोरांनी मोरीच्या तोंडाशी वाळूची पोती लावली आणि त्याच्या बांधावर बांबू लावला. यंदा बरगे काढायच्या दिवशी मी लेव्हल घेऊन आधी त्याच्या शेतात जाणार आहे.